मोटर जळाली ती कार्बन बसवले नाहीत म्हणून? एका ५४० मोटरचं प्रकरण

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ताईचा मुलगा हातात मोटर घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. "मावशी, वास बघ," एवढंच म्हणाला. नाकाशी धरायचीही गरज नव्हती. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवते. वाइंडिंगचं वार्निश जळाल्याचा वास मला दारातूनच कळतो.

गाडी त्याच्या वडिलांनी दसऱ्याला घेऊन दिलेली. रिमोटवर चालणारी, म्हणजे आरसी गाडी : खऱ्या गाडीच्या १/१० मापाची, शाफ्टवर चारही चाकं फिरवणारी, स्वतः जोडायची किट. तिच्यात चंदेरी डब्याची ५४० मोटर होती (५४० हे मोटरच्या मापाचं नाव). सहावी बॅटरी संपायच्या आत मोटर गेली. त्यांच्या सोसायटीत इंजिनिअरिंगला असलेला एक दादा आहे, त्याच्याकडे अशा दोन गाड्या आहेत. त्याने मोटर हातात घेऊन निदान केलं : "ब्रेक-इन केलं नाहीस, म्हणजे नवी मोटर आधी हळू फिरवून आतले कार्बन बसवले नाहीस, पहिल्या दिवसापासून फुल पळवलीस, म्हणून गेली. नवीन आणलीस की आधी पाण्यात बुडवून फिरव." मुलाच्या ते मनाला लागलं. बाबांनी हौसेने आणलेली वस्तू आपल्या अज्ञानामुळे जळाली, हे तो दोन दिवस मनात घेऊन फिरत होता.

त्याला माझ्याकडून दोन उत्तरं हवी होती. ब्रेक-इन केलं असतं तर मोटर वाचली असती का? आणि आता नवीन मोटरला ते करायचं का, केलं तर कसं? हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि या छंदातली माणसं ते सर्रास एकत्र करतात. पहिल्याचं उत्तर जळालेल्या मोटरच्या पोटात होतं. दुसऱ्यासाठी दोन नवीन मोटरी आणाव्या लागल्या. जे पाहिलं, केलं, ते सगळं इथे क्रमाने लिहिते आहे.

कार्बन बसतात म्हणजे काय होतं

मिक्सरचे कार्बन बदलून आणले की पहिली दोन-तीन वाटणं करताना मागच्या जाळीतून निळसर ठिणग्या दिसतात, आणि आठवड्याभरात त्या जवळजवळ दिसेनाशा होतात. हे बहुतेक घरांत कोणी ना कोणी पाहिलेलं असतं. आरसी गाडीच्या मोटरचं 'ब्रेक-इन' म्हणजे हेच. इंग्रजीत ज्याला ब्रश म्हणतात त्याला आपल्याकडे दुकानदारापासून गृहिणीपर्यंत सगळे कार्बन म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द वापरते.

५४० मोटरच्या आत तीन पोलचं आर्मेचर, म्हणजे तारेच्या तीन गुंडाळ्यांचा (वाइंडिंगचा) फिरणारा गाभा असतो आणि त्याच्या टोकाला तांब्याच्या तीन पट्ट्यांचा गोल कॉम्युटेटर, व्यास जेमतेम पाऊण सेंटिमीटर. त्याला दोन बाजूंनी दोन कार्बन स्प्रिंगने चिकटून राहतात. बॅटरीचा सगळा करंट या दोन स्पर्शांतून आत जातो आणि बाहेर येतो. नव्या कार्बनचं तोंड कॉम्युटेटरच्या गोलाईशी तंतोतंत जुळलेलं नसतं. सपाट तुकडा गोल नळीला टेकवला तर तो एका रेषेवरच टेकतो, तसा नवा कार्बन टेकतो. मग दहा-पंधरा अँपिअरचा करंट त्या रेषेतूनच जायला बघतो. ती जागा तापते. शिवाय कार्बन एका पट्टीवरून दुसरीवर सरकताना त्या गुंडाळीतला करंट क्षणात उलटावा लागतो आणि गुंडाळी त्याला विरोध करते, म्हणून ठिणगी पडते. स्पर्श अपुरा असला की ठिणगी मोठी, आणि प्रत्येक मोठी ठिणगी पट्टीच्या कडेवर एक बारीक खड्डा पाडते.

म्हणून सुरुवातीला कमी व्होल्टेजवर, काही भार न देता मोटर फिरवायची. कार्बन हळूहळू घासला जातो, त्याच्या तोंडाला कॉम्युटेटरची गोलाई येते, आणि मोठा करंट यायच्या आधी स्पर्शाचं क्षेत्र वाढलेलं असतं. या मोटरींचे कार्बन मिक्सरच्या कार्बनपेक्षा मऊ असतात, आणि तांबूसही, कारण त्यांत ग्राफाइटबरोबर तांब्याची पूड भरपूर असते. मिक्सरला २३० व्होल्ट मिळतात, तिथे कार्बनच्या स्पर्शात एखादा व्होल्ट गेला तरी कळत नाही. गाडीची बॅटरी ७.२ व्होल्टची. तिथे दोन्ही स्पर्शांत मिळून दोन व्होल्ट गेले तर गाडी रांगेल. म्हणून तांबं घालतात. आणि मऊ असल्यामुळे हे कार्बन लवकर बसतात. हा मुद्दा पुढे कामाला येणार आहे.

अण्णा, म्हणजे माझे वडील, कुर्ल्याच्या कारशेडमध्ये होते. मुंबईची लोकल १९२५ साली व्हीटी ते कुर्ला विजेवर धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर, आणि मध्य रेल्वेच्या हार्बर मार्गावर डीसी २०१६ पर्यंत टिकलं. डीसी मोटर म्हटली की कार्बन आले. अण्णांचा बराच जन्म ट्रॅक्शन मोटरचे, म्हणजे लोकल ओढणाऱ्या मोटरचे कार्बन बदलण्यात आणि बसवण्यात गेला. नातवाचा प्रश्न ऐकून ते एकदम सावरून बसले. "बसवल्याशिवाय गाडी आम्ही लाइनवर कशी सोडू?" ते म्हणाले, आणि रीत सांगायला लागले : कॉम्युटेटरवर पॉलिश पेपरची पट्टी गुंडाळायची, खरखरीत बाजू कार्बनकडे. फिरण्याच्या दिशेनेच ओढायची. परत आणताना कार्बन उचलून धरायचा, नाहीतर कडा गोल होतात. एमरी पेपर अजिबात नाही, त्याचे कण तांब्यात रुततात आणि कॉम्युटेटर खरवडत राहतात. शेवटी हवा मारून भुकटी उडवायची आणि कार्बन काढून तोंड बघायचं : तीन-चतुर्थांश तरी चमकलं पाहिजे.

"पण आजोबा, याचं झाकण उघडतच नाही," मुलगा म्हणाला. खरं आहे. चंदेरी डब्याच्या मोटरला मागचं प्लास्टिकचं झाकण पत्र्याच्या घड्या दाबून कायमचं बसवलेलं असतं. तिथे पॉलिश पेपर पोचत नाही. कार्बनला स्वतःच घासून बसावं लागतं.

मोटर उघडली

जळालेल्या मोटरचं झाकण मात्र उघडायला हरकत नव्हती. बारीक स्क्रूड्रायव्हरने घड्या उचलल्या, आणि आर्मेचर चुंबकांच्या ओढीतून सुटून एकदम हातात आलं.

वाइंडिंगचं वार्निश मूळचं लालसर असतं. इथे तीनपैकी दोन गुंडाळ्या काळ्या पडल्या होत्या, तिसरी गडद तपकिरी. नखाने टोकरलं तर पापुद्रा निघत होता. झाकणाच्या प्लास्टिकमध्ये कार्बन धरणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या बसवलेल्या असतात. त्यांतली एक मुळाशी प्लास्टिक वितळून किंचित कलली होती. पट्टीवर निळी-जांभळी झाक आली होती, म्हणजे तिची स्प्रिंग गेली होती. कॉम्युटेटरच्या तिन्ही पट्ट्यांच्या कडा काळ्या पडलेल्या.

मग घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावून कार्बनचं तोंड पाहिलं. या सगळ्या प्रकरणात मी सर्वांत जास्त वेळ त्या पाव इंचाच्या तुकड्यावर घालवला. तोंडाला एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग गोलाई आलेली होती. मधे कुठेही न घासलेला, मूळचा खरखरीत भाग शिल्लक नव्हता. दुसऱ्या कार्बनचंही तसंच. मुलाला भिंग दिलं, त्याने पाहिलं, मग अण्णांनी पाहिलं. अण्णा म्हणाले, "हे तर बसलेलेत."

कार्बन पूर्ण बसलेले होते. कोणी बसवले नव्हते, तरी आपोआप बसले होते, आणि मोटर जळण्याच्या बरेच आधी बसले असणार, कारण एवढा गुळगुळीतपणा शेवटच्या पाच मिनिटांत येत नाही. म्हणजे दादाचं निदान या मोटरला लागू नव्हतं. न बसलेल्या कार्बनमुळे सुरुवातीला थोडी जास्त उष्णता झाली असेल, कॉम्युटेटरला थोडे डाग पडले असतील. पण वाइंडिंगचं वार्निश काळं पडायला तेवढं पुरत नाही. ही उष्णता गुंडाळीत आतून आली होती, आणि गुंडाळी तापते ती करंटने.

मग करंट कुठून आला

इथे मुलाला उलट विचारावं लागलं, आणि तो मोकळेपणाने बोलला याचं मला बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी त्याने मोटरच्या दांड्यावरचं छोटं दातेरी चाक, म्हणजे २२ दाती पिनियन काढून २५ दाती घातलं होतं, वेग वाढावा म्हणून. पिनियन ज्याला फिरवतं तो मोठा गिअर ७० दाती, त्यापुढच्या आतल्या गिअरांचा गुणाकार २.६. म्हणजे आधी मोटरचे ८.२७ फेरे झाले की चाकाचा एक फेरा व्हायचा, आता ७.२८ फेऱ्यांतच. चाकाला तेवढीच ओढ हवी असेल तर मोटरला सुमारे १४ टक्के जास्त जोर लावावा लागतो, म्हणजे तेवढाच जास्त करंट. गुंडाळीतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणून १४ टक्के करंट म्हणजे २९ टक्के उष्णता. हे सपाट पार्किंगमधलं गणित. तो गाडी सोसायटीच्या बागेतल्या हिरवळीवरही चालवत होता. बुटक्या टायरच्या, जमिनीलगत चालणाऱ्या गाडीला गवतात किती ओढ लागते ते मोजायला माझ्याकडे साधन नव्हतं, पण चाक हाताने गवतावरून ढकलून पाहिलं तरी कळतं.

पिनियन बदलल्यावर त्याने ते मोठ्या गिअरवर घट्ट दाबून बसवलं होतं. दोन दातांमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून पिनियन टेकवायचं, स्क्रू आवळायचे, मग पट्टी ओढून काढायची. तेवढी फट राहिली पाहिजे. इथे फट नव्हतीच. आणि मागच्या ॲक्सलवर, चाकाच्या आतल्या बाजूला, लांब केस आणि दोऱ्याचे धागे इतके गुंडाळले होते की ते कापून काढायला ब्लेड लागलं. त्या जागी बेअरिंग नव्हतं, साधे प्लास्टिकचे बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या नळ्या होत्या. धागे त्यांच्या तोंडाशी रुतले होते.

वर तीन बॅटऱ्या एकापाठोपाठ एक, मोटर गार होऊ न देता. डीसी मोटर तापली की तिची परिस्थिती दोन्ही बाजूंनी बिघडते. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, आणि डब्यातल्या फेराइट चुंबकांची ताकद दर अंशाला सुमारे ०.२ टक्के घटते. तापमान ८० अंशांनी चढलं तर रोध ३० टक्क्यांच्या आसपास वाढतो आणि चुंबक १६ टक्क्यांनी कमजोर होतात. कमजोर चुंबकांवर तोच जोर काढायला आणखी करंट लागतो, तो वाढलेल्या रोधातून जातो, आणखी तापतो. गार झाल्यावर चुंबक परत येतात, जळालेलं वार्निश येत नाही. ही साखळी एकदा सुरू झाली की कार्बन कितीही सुंदर बसलेले असोत, मोटर वाचत नाही.

हे मुलाला कागदावर मांडून दाखवलं. त्याच्या चेहऱ्यावरचं ओझं थोडं हललं. चूक त्याचीच होती, पण आता ती कुठे झाली हे दिसत होतं आणि दुरुस्तही करता येत होतं.

दोन मोटरी

चंदेरी मोटर या छंदातली सर्वांत स्वस्त वस्तूंपैकी एक आहे, म्हणून त्याच बनावटीच्या दोन आणल्या. एकीवर लाल नेलपेंटचा ठिपका दिला. ठिपक्याची मोटर रीतसर बसवायची, दुसरी थेट गाडीत घालायची. दोन मोटरींवरून नियम सिद्ध होत नाही हे मला माहीत आहे. वर्गात मुलांना मी तेच सांगते. पण या घरातल्या प्रश्नापुरतं काहीतरी डोळ्यांनी दिसलं असतं.

कमी व्होल्टेजसाठी लोक टॉर्चचे दोन मोठे सेल जोडतात, तीन व्होल्ट मिळतात. चालतं, पण साधे सेल तासभराच्या करंटला दमतात. आमच्याकडे जुन्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लायचा डबा पडला होता. त्याच्या मोठ्या प्लगमधली हिरवी वायर काळ्या वायरला जोडली की तो सुरू होतो, आणि नारिंगी वायरवर ३.३ व्होल्ट मिळतात. त्याचा डबा उघडायचा नाही, आत मेन्सच्या विजेने भारलेले कपॅसिटर असतात, हे मुलाला दोनदा बजावलं. गाडीचा वेग सांभाळणाऱ्या स्पीड कंट्रोलरवरच थोडा थ्रॉटल (वेगाची कळ) देऊन हे काम करता येईल असं त्याला वाटत होतं. त्यात फरक आहे. कंट्रोलर व्होल्टेज कमी करत नाही, पूर्ण व्होल्टेजचे तुकडे करून देतो. प्रत्येक तुकडा ७.२ व्होल्टचाच असतो. टेबलावर सलग तीन व्होल्ट मिळत असताना तो मार्ग कशाला घ्यायचा?

आधी दोन्ही टोकांच्या बुशना शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब, सुईच्या टोकाने. जास्तीचं तेल कॉम्युटेटरवर गेलं तर कार्बनची भुकटी त्यात कालवून चिखल होतो. मोटर लाकडी पाटावर पट्टीने बांधली आणि गाडी पुढे जाताना ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने फिरवली. कार्बन आपल्या जागेत किंचित कलून बसतो आणि तो कल दिशेप्रमाणे ठरतो, म्हणून दिशा महत्त्वाची.

आता बसतंय हे कळायचं कसं? बंद मोटरमध्ये कार्बन दिसत नाहीत. अण्णांनी कपाटातून त्यांचा ट्रान्झिस्टर आणला. मीडियम वेव्हवर, पुणे केंद्राच्या ७९२ किलोहर्ट्झच्या जरा बाजूला, जिथे नुसती खरखर असते तिथे काटा ठेवला आणि रेडिओ मोटरपासून हातभर लांब धरला. प्रत्येक ठिणगी म्हणजे एक छोटा रेडिओ ट्रान्समीटरच. रेडिओतून पापड तळल्यासारखा तडतडाट सुरू झाला. मोटर बंद केली की तडतडाट बंद. मुलगा अक्षरशः उडी मारून उभा राहिला. गाडीच्या मोटरवर '१०४' छापलेले ते तीन पिवळे कपॅसिटर का लावतात, हे त्याला तोपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. ते हाच गोंगाट दाबण्यासाठी असतात. आम्ही चाचणीपुरते ते लावलेच नव्हते.

दर दहा मिनिटांनी मोटर थांबवून डबा हाताने चाचपत होतो. कोमटच्या पुढे गेला नाही. पहिल्या दहा मिनिटांत रेडिओचा आवाज खडबडीत, तुटक होता. मल्टिमीटरवर करंट एक अँपिअरच्या आसपास, पण आकडा स्थिर राहत नव्हता, सतत वरखाली नाचत होता. विसाव्या मिनिटाच्या सुमारास तडतडाट बारीक झाला. तिसाव्याला तो सलग, मऊ फुसफुशीसारखा झाला आणि आकड्याचा नाचही थांबला. चाळिसाव्याला तिसाव्यापेक्षा वेगळं काही ऐकू आलं नाही, म्हणून थांबवली. मोटर उभी धरून टिचक्या मारल्या तर मागच्या फटीतून पांढऱ्या कागदावर काळी भुकटी पडली, चिमटीपेक्षाही कमी. फुंकून उडवली.

काही जण मोटर रात्रभर अशी रिकामी फिरवत ठेवतात. त्याने फायदा होत नाही, उलट नुकसान होतं. कार्बन बसल्यावर पुढची पायरी असते तांब्यावर पापुद्रा चढण्याची. ग्राफाइट, तांब्याचा ऑक्साइड आणि हवेतली वाफ मिळून एक पातळ चॉकलेटी थर तयार होतो, आणि त्यावरून कार्बन सहज सरकतो. वाफेचं महत्त्व दुसऱ्या महायुद्धात कळलं. उंचावरच्या कोरड्या हवेत विमानांतल्या मोटरी आणि जनरेटरचे कार्बन बघता बघता भुकटी होऊन जात, कारण थर टिकतच नव्हता. हा थर नीट चढायला पुरेसा करंटही लागतो. रिकाम्या मोटरमधून तो जात नाही. नुसती झीज होते. म्हणून टेबलावरचं काम अर्ध्या तासाचं, आणि उरलेलं गाडीत : पहिल्या दोन बॅटऱ्या सपाट जमिनीवर, अर्ध्या थ्रॉटलने, उभ्या गाडीला एकदम झटका न देता. आमच्या पिढीने नव्या स्कूटरचं रनिंग-इन असंच केलं. सुरुवातीला वेग आवरता घ्यायचा, पण गाडी चालवायचीच.

दुसरी मोटर, ठिपका नसलेली, मुलाने थेट गाडीत घातली. २२ दाती पिनियन, कागदाच्या पट्टीने फट, धागे काढलेले बुश. थ्रॉटल त्याच्या मनाप्रमाणे. अर्धी बॅटरी संपल्यावर ती काढून टेबलावर रेडिओजवळ फिरवली, तर तडतडाट होता, ठिपक्याच्या मोटरच्या पहिल्या दहा मिनिटांसारखाच. एका बॅटरीनंतर बराच कमी. दोन पूर्ण बॅटऱ्यांनंतर डोळे मिटून ऐकलं तर दोन मोटरींत फरक सांगता येईना. अण्णांनाही नाही, मलाही नाही.

वेगातही फरक सापडला नाही. पार्किंगच्या दोन खांबांमधलं अंतर मोबाइलवर मोजलेल्या वेळात कापायला लावलं. एकाच मोटरच्या दोन फेऱ्यांत जेवढा फरक यायचा, त्यापेक्षा दोन मोटरींतला फरक कमी होता.

फरक दिसला तो एकाच ठिकाणी. मागच्या झाकणाच्या फटीतून टॉर्च मारून, आर्मेचर हाताने हळूहळू फिरवत कॉम्युटेटर पाहिला. ठिपक्याच्या मोटरच्या पट्ट्या एकसारख्या तपकिरी होत होत्या. दुसरीच्या पट्ट्यांच्या मागच्या कडांवर, जिथे कार्बन पट्टी सोडतो तिथे, काळे बारीक चट्टे होते. चालायला ती उत्तम चालत होती. पण ते चट्टे आता कायमचे. कार्बन बदलता येणाऱ्या मोटरचा कॉम्युटेटर लेथवर पुन्हा साफ करून घेता येतो, बंद डब्याच्या मोटरचा येत नाही.

मग करायचं की नाही

माझं मत आता असं आहे. वेग वाढेल या आशेने कोणी हे करत असेल तर करू नये. जळण्यापासून वाचवेल म्हणूनही नाही, तिथे पिनियन, फट आणि गार व्हायला दिलेली पंधरा मिनिटं हीच कामाला येतात. कॉम्युटेटर स्वच्छ राहावा, मोटरचं आयुष्य थोडं वाढावं यासाठी अर्धा तास आणि दोन सेल हा खर्च मला योग्य वाटतो. पहिल्या दोन बॅटऱ्या संयमाने चालवणारा माणूस असेल तर टेबलावरचं कामही वगळलं तरी चालेल. मऊ कार्बन बसतातच. चौदा वर्षांच्या मुलाकडून तो संयम मागण्यापेक्षा टेबलावरचा अर्धा तास सोपा आहे.

पाण्याचं मात्र मी स्पष्ट नाही म्हणते. पद्धत खोटी नाही. पाण्यात मोटर फिरवली की भुकटी वाहून जाते, ठिणगीची जागा गार राहते आणि कार्बन काही मिनिटांत बसतात. पाणी काळं होताना दिसतं, म्हणून काम झाल्यासारखं वाटतं. पण तेच काळं पाणी तांब्याच्या आणि कार्बनच्या कणांचं असतं आणि ते बुशमध्ये शिरतं. तेलात मुरवलेल्या ब्राँझच्या बुशमधलं तेल धुऊन निघतं. आर्मेचरचे लोखंडी पत्रे गंजायला लागतात. बोअरच्या जड पाण्यात क्षार असतात, ते वाळल्यावर आतच राहतात. उघडता येणारी मोटर नंतर सोडवून, पुसून, तेल देऊन ठेवता येते. बंद मोटरच्या आत काय राहिलं ते कळायला मार्ग नाही. आणि मिनिटांत बसतात याचा दुसरा अर्थ मिनिटांत झिजतात. जिचे कार्बन कधीच बदलता येणार नाहीत, तिच्यात ते आधीच झिजवून टाकणं मला पटत नाही.

ही रीत आली कुठून हे पाहिलं की दादाचा सल्लाही समजून घेता येतो. अमेरिकेतल्या 'रोअर' या आरसी गाड्यांच्या संघटनेच्या शर्यतींत स्टॉक वर्गाची, म्हणजे बदल न करता वापरायची मोटर तारेच्या २७ वेढ्यांची आणि टायमिंग (चुंबकांच्या तुलनेत कार्बनचा कोन) २४ अंशांवर पक्कं केलेली असायची. सगळ्यांकडे सारखीच मोटर, म्हणून जिंकायचं ते कार्बनची जात, स्प्रिंगची ताकद, लेथवर घासलेला कॉम्युटेटर आणि बसवण्याची पद्धत यांवर. ते लोक काही शर्यतींनंतर कार्बन फेकून नवे घालत. त्यांच्यासाठी पाच मिनिटांत बसलेला कार्बन ही सोय होती, आयुष्याचा प्रश्नच नव्हता. जपानमध्ये मिनी फोर-डब्ल्यूडी या छोट्या खेळण्यातल्या गाड्यांच्या चिमुकल्या १३० मोटरींवर आजही माणसं याच निष्ठेने तासन्तास घालवतात, आणि तिथेही तोच हिशोब आहे. ब्रशलेस मोटर आल्यावर कार्बनच गेले, शर्यतींतून हा सगळा खटाटोप गेला, पण सल्ला मात्र नवशिक्यांपर्यंत पोचत राहिला, ज्यांची मोटर वेगळी आणि गरजही वेगळी.

दादाला मुलाने जळालेल्या मोटरचे कार्बन नेऊन दाखवले, भिंगासकट. त्याने बराच वेळ पाहिलं आणि स्वतःच्या गाडीच्या पिनियनची फट कागदाने तपासायला घेतली, असं मुलगा फोनवर सांगत होता. रेडिओची चाचणी त्यालाही बघायची आहे.

ठिपक्याची मोटर सध्या गाडीत आहे, दुसरी राखीव. खाऊच्या पैशातून मुलगा आता उघडता येणाऱ्या झाकणाच्या मोटरसाठी साठवतो आहे, जिचे कार्बन काढून बघता येतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती घेऊन इकडेच येणार आहे. अण्णांनी झीरो नंबरच्या पॉलिश पेपरच्या पाव इंच रुंद पट्ट्या आत्ताच कापून लिफाफ्यात घालून ठेवल्या आहेत.